पिंजाऱ्याचं तुकडं आणि बांधावरची सरहद्द



सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली. हरभऱ्याच्या पेरणीची घाई चालू आहे, त्यामुळं आठ-दहा दिवस इथं काही लिहिता आलं नाही. परवा पोरगा बांधावर उभा राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी भरत होता. म्हणला, "अण्णा, कुठं किती धरू?" मी म्हणलो, "नाक्यात दोन एकर हरभरा, रुळाच्या पट्टीला करडई, पिंजाऱ्यात शाळू." पोरगा हसायला लागला. "ह्यात नाका नाही आणि पिंजारी नाही. गट नंबर सांगा."

गट नंबर मला पाठ आहेत, सांगितले. पण रात्री झोप लागेना. सातबाऱ्यावर आमच्या रानाला नुसता आकडा आहे. नावं आहेत ती आमच्या तोंडात, आणि माझ्या पोराच्या तोंडात ती अर्धीच उरली आहेत. त्याच्या पोराला काहीच ठाऊक नसणार. म्हणून आज खत-औषधाचं न लिहिता ह्या नावांचं लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव येडशीच्या अलीकडं, बालाघाटच्या कडेला. जिल्हा धाराशिव. आमच्या सगळ्यात वरच्या रानाला म्हातारी माणसं दुवाट्या म्हणायची. लहानपणी वाटायचं तिथं दोन वाटा फुटतात म्हणून दुवाट्या. वाट तर एकच आहे. दोन वाटा आहेत त्या पाण्याच्या. त्या माळावर पाऊस पडला की पश्चिमेच्या उताराचं पाणी भोगावतीला, तिथून सीनेला, सीनेतून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जातं. पूर्वेच्या उताराचं पाणी तेरणेला, तेरणेतून मांजरेला आणि पुढं गोदावरीला. एकाच बांधावर उभं राहून डाव्या हाताला थुंकलं तर कृष्णा आणि उजव्या हाताला थुंकलं तर गोदावरी, असं आमचे आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. मराठवाडा म्हणजे गोदावरीचं खोरं असं शाळेत शिकवतात, पण आमच्या जिल्ह्याचा बराच भाग कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो. कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा किती, हे भांडण त्यातूनच निघालं. त्यावर एकदा वेगळं लिहीन.

तेरणेच्या काठी तेर आहे, ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्याही हजारभर वर्षं आधी ते तगर नावाचं मोठं व्यापारी गाव होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तगरहून कापड गाड्यांत भरून पार भडोचच्या बंदराला जायचं. तिथल्या संग्रहालयात जाऊन बघा, हस्तिदंताची बाहुली आहे. तसल्याच घडणीची एक बाहुली इटलीत पाँपेईला राखेखाली सापडली. म्हणजे आमच्या भागातला कापूस आणि कापड दोन हजार वर्षांपासून फिरतंय. हे लक्षात ठेवा, पुढं कापसाचा माणूस येणार आहे.

आता नाका.

नाक्याचं वावर म्हणजे आमचं पश्चिमेचं रान, पांगरीकडं जाणाऱ्या वाटेला लागून. पांगरी बार्शी तालुक्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. आज तिकडं जाताना मोबाईलला रेंज आली-गेली एवढाच फरक. पण १९४८ पर्यंत तो बांध म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडं निजामाचं हैदराबाद, म्हातारी माणसं त्याला मोगलाई म्हणायची. पलीकडं इंग्रजी. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि तिकडचा मुलूख इंग्रजांकडं गेला, आमचा निजामाकडं राहिला.

त्यातही एक गंमत झालेली आहे. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामावर इंग्रजांचं कर्ज झालं, तेव्हा त्यानं वऱ्हाड दिलं, रायचूरचा दुआब दिला, आणि त्यांच्याबरोबर आमचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही दिला. ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर त्या वेळी नळदुर्गला साहेब म्हणून कारभार बघायला होता. पुढं सत्तावनच्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली आमचा मुलूख त्याला परत. सात वर्षं आमचे खापरपणजे इंग्रजी रयत होते आणि एक दिवस पुन्हा मोगलाईत आले, ते रान सोडून कुठं हललेसुद्धा नसतील. तारण ठेवलेली जमीन सोडवून घ्यावी तसा सगळा प्रकार, फक्त जमिनीवरच्या माणसांना कुणी विचारलं नाही.

नाक्यावर करोडगिरीची चौकी होती. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. माल आला-गेला की शेकडा पाच घ्यायचे. आज्जीचं माहेर पांगरीकडचं. ती सांगायची, माहेरी जाताना सोबतच्या गाठोड्यातलं लुगडंसुद्धा शिपाई उलगडून बघायचा. पैसा वेगळा. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. सात हाली दिले की सहा कलदार, असा साधारण भाव. सालसुद्धा वेगळं. इकडं फसली. तुमच्या घरी जुने कागद असतील तर लक्षात ठेवा, फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी लागलेली असेल तर ५९१. महिने आजूर, दय, बहमन असे. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे, कुलकर्ण्याच्या कामाला पटवारी. आमच्या भागातली माणसं अजून तलाठ्याला पटवारी म्हणतात ते ह्यामुळंच.

जगण्यात खरा फरक होता तो सावकाराचा आणि शाळेचा. १८७५ ला पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली इंग्रजांनी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्याला थोडं संरक्षण देणारा कायदा केला. त्या कायद्यानं तिकडचा शेतकरी श्रीमंत झाला असं नाही. पण कोर्टात उभा राहिला तर न्यायाधीशाला व्याजाचा हिशोब उकरून बघता यायचा. आमच्या बांधावर तो कायदा संपायचा. शाळेचं तसंच. राज्यकारभाराची भाषा उर्दू, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तेही उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं शिकायचं कुठं? लोहाऱ्याकडं हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथंच शिक्षक म्हणून आले. अशा शाळा किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आमच्या आज्जाला सही येत नव्हती, आज्जीच्या भावाला चौथीपर्यंत मराठी वाचता येत होतं. दोघांच्या गावांत अंतर अडीच कोस.

रुळाची पट्टी म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी रुळाची गाडी सुरू केली. बार्शी रोड म्हणजे आताची कुर्डुवाडी. पुढं ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला गेली. लातूरचा रस्ता आमच्या शिवारातून. लोकांना वारकऱ्यांची गाडी म्हणून तिचं कौतुक, पण तिचा पाया कापसावर आणि धान्यावर होता. मोगलाईतला माल बार्शीच्या पेठेत, तिथून मोठ्या लाईनीवर आणि मुंबईला. बार्शीची पेठ मोठी झाली ती आमच्या मालावर, हे बार्शीकरांना सांगितलं की ते गालात हसतात. गंमत अशी की ही लाईन धाराशिव गावाला शिवत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणाला जायचं तर येडशीला उतरा. मोठे रूळ टाकले तेव्हा, म्हणजे ह्याच शतकात, गाडी धाराशिवला गेली. जुना रूळ उचलला, आमच्याकडं उरली ती बाभळी माजलेली लांबोडी पट्टी. खाली खडी आहे. तिथं करडईशिवाय काही साधत नाही, तीही पक्षी राखले तर.

आता पिंजाऱ्याचं तुकडं. हे लिहावं का नाही म्हणून मी दोन दिवस थांबलो.

तीन एकर दहा गुंठे, आमच्या सगळ्या जमिनीतलं चांगलं. कमरेएवढी काळी, खाली चुनखडी नाही, शाळू एका पावसावर येतो. लहानपणापासून आम्ही त्याला पिंजाऱ्याचं म्हणतो, आणि गावात पिंजाऱ्याचं एकही घर नाही. मी लहानपणी आबांना विचारलं होतं. ते म्हणले, "पूर्वी होते." आणि औत पुढं हाणलं.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला, आम्ही झालो नाही. निजामानं विलीन व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ ला वर्षभराचा जैसे थे करार झाला आणि त्या आडून रझाकार माजले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. गावं लुटणं, जाळणं, माणसं मारणं, हे आमच्या जिल्ह्यानं भोगलेलं आहे, त्यात शंका नाही. हद्दीच्या पलीकडं स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले, पोरं तिकडून येऊन चौक्यांवर हल्ले करायची. आमच्या नाक्यावरचा शिपाई एका रात्री पळाला तो परत आलाच नाही. आणि रझाकारांच्या विरुद्ध लिहिलं म्हणून हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये ज्याला भर रस्त्यात मारलं, तो इमरोज पेपरचा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. हे नाव आमच्या गावातल्या भाषणात मी कधी ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात आज्जानं घर बंद केलं, बैल, आज्जी, आणि सात वर्षांचे आबा घेऊन पांगरीकडं मेहुण्याच्या घरी गेला. अर्ध्याच्या वर गाव असंच हद्द ओलांडून गेलं होतं. माणसं नेता येतात, बैल नेता येतात, जोंधळा कसा नेणार? तो पेवात होता. नव्या पोरांना पेव माहीत नाही. काळ्या रानात किंवा वाड्याच्या अंगणात खोल खड्डा, आतून कडबा आणि भुसकट लावायचं, धान्य भरून तोंड बुजवायचं. दोन-तीन वर्षं दाणा राहायचा. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, वाफ निघून जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. आमच्या पेवात दोन सालांचा जोंधळा होता. रझाकार घर लुटायच्या आधी पेव शोधायचे, जमीन ठोकून बघायचे.

पिंजारी आमच्या शेजारचा. कापूस पिंजून गाद्या-वाकळा भरायचा, आणि रानही करायचा, हे तीन एकर त्याच्या बापानं विकत घेतलेलं. आज्जा गेल्यावर त्यानं आपली कमान आणि सगळा कापूस आमच्या अंगणात आणून पेवावर ढीग घातला आणि तिथंच रोज पिंजत बसला. आले, बघून गेले. त्यांना वाटलं मोकळं घर ह्यानं बळकावलं. त्यानंही तसंच सांगितलं म्हणे. आमचा जोंधळा राहिला.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडून फौज निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग पडलं, १७ तारखेला निजाम शरण आला. एवढं सगळ्यांना पाठ आहे, दरवर्षी झेंडा होतो. त्याच्या पुढच्या पंधरा दिवसांचं कुणी बोलत नाही. रझाकार बहुतेक पळाले होते किंवा पकडले गेले होते. राग निघाला तो जे घरी होते त्यांच्यावर. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीला त्याच वर्षाच्या शेवटी संस्थानात पाठवलं. त्यांनी लिहून दिलं की सगळ्यात जास्त हानी चार जिल्ह्यांत झाली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. पहिलं नाव आमच्या जिल्ह्याचं. सगळ्या संस्थानात मिळून मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. तो अहवाल पुढं कित्येक वर्षं कुणाला बघायला मिळाला नाही.

आमच्या गावात काय झालं ते आबांनी मला सांगितलं २०१६ च्या उन्हाळ्यात, ते अंथरुणाला खिळले तेव्हा. बाहेरगावचा जमाव आला, त्यात आपल्याही गावचे काही मिसळले. पिंजाऱ्याचा थोरला पोरगा रानातून घरी येत होता, तो वाटेत गाठला. आज्जा तोवर परत आला होता. त्यानं उरलेल्यांना रात्री गाडीत घालून वरून कडबा रचला आणि नाक्याच्या वाटेनं पलीकडं पोचवलं. ज्या वाटेनं आम्ही जीव घेऊन पळालो, त्याच वाटेनं तीन महिन्यांनी ते. हद्द तीच होती, नाक्यावर विचारायला कुणी नव्हतं एवढंच.

इथवर सांगितलं तर आमच्या आज्जाचं नाव मोठं होतं. पण पुढचंही सांगायला पाहिजे. ट्रंकेत एक उर्दू कागद होता. बार्शीतल्या एका निवृत्त गुरुजींकडून तो मी वाचून घेतला. खुर्दाद १३५८ फसली, म्हणजे १९४९ चा एप्रिलच्या सुमारास. तीन एकर दहा गुंठे, दोनशे दहा हाली रुपयांना आज्जाच्या नावावर. कलदारात एकशे ऐंशी. मी आबांना विचारलं, हा भाव बरोबर होता का? आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणले, "त्याच साली तुझ्या आज्जानं बैलजोडी घेतली, तिला ह्याच्यापेक्षा जास्त मोजले." पुन्हा थोड्या वेळानं म्हणले, "आपण घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी फुकट दाबलं असतं." हे खरं आहे. शेजारच्या शिवारात तसं झालेलं आहे. पण काळ्या रानाची तीन एकर आणि एक बैलजोडी, हा हिशोब मला आजपर्यंत जुळवता आला नाही. आज्जानं त्यांचा जीव वाचवला, आणि त्यांच्या अडचणीचा भावही लावला. दोन्ही एकाच माणसानं केलं, वर्षभराच्या आत.

पुढं सगळं भराभर बदललं. १९४९ लाच जहागिऱ्या गेल्या, १९५० ला कुळकायदा आला, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. नाक्याची चौकी पडली, तिचे दगड बाहत्तरच्या दुष्काळात नाल्याच्या बांधाला गेले. त्या बांधावर आबा आणि आई दोघं कामाला होते, मिलो खाऊन. हाली सिक्का बंद झाला. फसली साल गेलं. पिंजाऱ्याचं नाव तेवढं रानाला चिकटून राहिलं, ते कुणी काढलं नाही. काढावंसं कुणाला वाटलं असेल तर ते आमच्याच घरातल्यांना, पण आज्जासुद्धा मरेपर्यंत त्याला पिंजाऱ्याचंच म्हणत होता.

गेल्या वर्षी पोराच्या लग्नाच्या गाद्या भरायला बार्शीला गेलो होतो. आता कमान नाही, मशीन आहे. दुकानातला म्हातारा माझ्याच वयाच्या आगेमागे. गाव कुठलं विचारलं, मी सांगितलं. शिवण न थांबवता तो म्हणला, "तिथं आमची जमीन होती म्हणतात." मी "असं का" एवढंच म्हणलो. बार्शीत नदाफ-पिंजाऱ्यांची घरं काय एकच आहे का? तो त्यातलाच असेल असं नाही. पण मी विचारलं नाही, हे खरं. सांगितले तेवढे पैसे देऊन निघालो, बायको वाटभर विचारत होती की घासाघीस का केली नाहीत.

परवा पोरानं गट नंबर टाकला, शाळूचा फोटो काढला, झालं म्हणला. संध्याकाळी त्याला खाली बसवून हे सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला लिहिलं तसंच. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या उर्दू कागदाची रंगीत झेरॉक्स काढून आणली, दोन प्रती. एक ट्रंकेत ठेवली. दुसरी गाडीच्या डिकीत आहे. करडईचं बी आणायला ह्या आठवड्यात बार्शीला जायचंच आहे.

तुमच्या रानांची नावं काय आहेत, आणि ती कशावरून पडली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा. आमच्याकडं ह्या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, बाराला मोटर चालू करायची. थांबतो.